व्यसनामागचं दुखणं



आजचा विषय जरा अवघड आहे. मंडपातल्या अर्ध्या लोकांच्या खिशात पुडी आहे, म्हणून अवघड. हसू नका, आमच्या टाळकऱ्यांतही दोघांचे हात आत्ताच खिशावर गेले. असो.

व्यसनी माणूस दिसला की आपण एकच शिक्का मारतो. म्हणतो, "त्याचा स्वभावच तसला." बाप हो, तसला म्हणजे कसला? एका आळीत वाढलेली तीन पोरं. एक दारूला धरून राहतो, दुसरा गांजाची चिलीम, तिसरा शहरात जाऊन गर्दच्या नादी लागतो. स्वभाव एकच असता तर तिघांचं व्यसनही एकच नसतं का?

अमेरिकेत एडवर्ड खांत्झियन म्हणून मनोविकारांचे डॉक्टर होते. व्यसनी माणसांजवळ बसून त्यांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि १९८५ साली लिहिलं, की माणूस नुसत्या चैनीसाठी नशेला चिकटत नाही. आत जे सोसवत नाही, त्यावर तो आपल्या परीनं औषध शोधत असतो. आणि दुखणं जसं, तसं औषध! ज्याच्या आत संताप खदखदतो, त्याला अफूच्या जातीची नशा निववते. हेरॉईन, आपल्याकडं ज्याला गर्द म्हणतात, ते त्याच जातीचं. ज्याला आतून रितं वाटतं, मरगळ सुटत नाही, किंवा ज्याचं मन एका जागी ठरत नाही, तो कोकेनसारख्या तरतरी आणणाऱ्या नशेकडं ओढला जातो.

आणि दारू? ज्याला माया आहे पण दाखवता येत नाही, त्याची ती. आपल्या वरातीत बघा की! वर्षभर सख्ख्या भावाशी चार शब्द न बोलणारा माणूस दोन घोट पोटात गेले की गळ्यात पडून रडतो. "तू माझा जीव आहेस" म्हणतो. सकाळी पुन्हा तोंडाला कुलूप. आपण म्हणतो, रात्री दारू बोलली. नाही महाराज, रात्री तो बोलला. दारूनं फक्त कडी काढली, आणि त्या कडीपायी पुढं सगळं घर विकून घेतलं.

पण हाही शिक्का करू नका बरं का! प्रत्येक रागीट माणूस गर्द ओढत नाही, प्रत्येक अबोल माणूस पीत नाही. कधी दुखण्यातून व्यसन येतं, कधी व्यसनच उदासी घेऊन येतं. शिवाय जागेचाही गुण असतो. व्हिएतनामच्या लढाईत कितीतरी अमेरिकन सैनिक हेरॉईनच्या आहारी गेले. ली रॉबिन्स या बाईंनी ते घरी परतल्यावर त्यांचा शोध घेतला. पहिल्या वर्षात त्या व्यसनी झालेल्यांपैकी शंभरातले पाचेक जण पुन्हा अडकले होते. माणसं तीच. मग स्वभावाचाच दोष कसा म्हणायचा?

आता घरचं सांगतो. माझे थोरले बंधू, आमचे दादा, रोज प्यायचे. मी कीर्तनकार, मला लाज वाटायची. दादांची नव्हे, माझ्या नावाची. कार्तिकीला आळंदीला चारचौघांत त्यांच्या गळ्यात माळ घातली आणि म्हटलं, "आजपासून बंद!" दादांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, मग फेफरं आलं. मला वाटलं बाहेरची बाधा! वहिनींनी ऐकलं नाही, गाडी करून दवाखान्यात नेलं, म्हणून दादा वाचले.

माय-बहिणींनो, हे नीट ऐका. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं. माळ जरूर घाला, पण आधी डॉक्टर गाठा. पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण उभं केलं, ते अशाच माणसांसाठी.

डॉक्टरांनी मला विचारलं, "किती पितात?" मी धडाधडा सांगितलं. "कधीपासून?" तेही सांगितलं. "कशानंतर?" मी गप्प. वहिनी म्हणाल्या, "आईंच्या दहाव्यानंतर." दादांनी पाणी दिलं, पिंड ठेवला, आल्यागेल्याचं बघितलं. थोरला म्हणून डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. मी मात्र आईच्या आठवणी सांगून गावोगाव मंडप रडवत होतो. दादांना एकदाही विचारलं नाही.

मध्ये दोनदा दादांचा पाय घसरला, हेही लपवत नाही. दोन्ही वेळा परत दवाखाना, परत माळ. गेल्या कार्तिकीला इंद्रायणीच्या घाटावर आम्ही दोघंच बसलो होतो. दादा पाण्याकडं बघत म्हणाले, "आई भाकरी थापताना काय म्हणायची, आठवतं का रे तुला?" मला आठवत नव्हतं. मग त्यांनीच सांगायला घेतलं. पहाटेची काकड आरती सुरू झाली तरी ते बोलतच होते.

जय जय रामकृष्ण हरी!