बटण कुणाच्या हातात?

(वाशिम येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आत्ता माझी ओळख करून देताना ताईंनी मला 'आपल्या जिल्ह्यातली पहिली महिला डीजे' म्हटलं. तुम्ही टाळ्या वाजवल्या, मलाही बरं वाटलं. पण पहिली की दहावी, हे मला ठाऊक नाही. आणि डीजे म्हटलं की आज तुमच्या डोळ्यांसमोर ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत येते. आमच्या काळी तसलं काही नव्हतं. मला लोक आधी 'भोंगेवाल्याची पोरगी' म्हणत, मग 'भोंगेवाल्याची बायको' म्हणू लागले, आणि शेवटी 'भोंगेवाल्याची विधवा'. काम मात्र तिन्ही वेळा मीच केलं. त्या कामातल्या चार गोष्टी सांगायला मी उभी आहे.

माझ्या वडिलांचं वाशिमला बिछायत आणि लाउडस्पीकरचं लहानसं दुकान होतं. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. आपला जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ला. नवी रेकॉर्ड आणायची तर वडील छोट्या गाडीनं अकोल्याला जायचे. परत येताना रेकॉर्डची पेटी मांडीवर घेऊन बसायचे, कारण त्या लाखेच्या तबकड्या बशीसारख्या फुटायच्या. मिनिटाला ७८ फेरे घेणारी रेकॉर्ड. एका बाजूला एकच गाणं, तीन-सव्वातीन मिनिटांचं. ते संपलं की सुई उचला, तबकडी पालटा, सुई बदला, पुन्हा लावा. म्हणजे मशीनपाशी सारखं कुणीतरी बसलेलं हवं. पुरुषमाणूस जेवायला उठणार, पान खायला उठणार, गप्पा मारायला उठणार. न उठता बसणार कोण? घरची पोरगी. १९६८ साली, तेराव्या वर्षी, मी बसले ती बसलेच.

बसल्या बसल्या एक गोष्ट लक्षात आली. कडुलिंबावर बांधलेल्या त्या भोंग्यातून बहुतेक वेळ बाईचाच आवाज यायचा. लताबाई, आशाबाई, सुलोचना चव्हाण. ज्या घरात सुनेनं मोठ्यानं हसलेलं चालत नव्हतं, त्याच घराच्या माळवदावरून सुलोचनाबाईंची लावणी चार शिवारं ओलांडून जायची. पुढे १९८०ला 'कुर्बानी' आला आणि नाझिया हसन नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीचा आवाज गल्लीगल्लीत घुमला. म्हणजे बाईच्या आवाजाचं कुणालाच वावडं नव्हतं. फक्त तो केव्हा सुरू व्हायचा, किती मोठा व्हायचा आणि केव्हा बंद व्हायचा, हे दुसरं कुणीतरी ठरवायचं.

नावाचंही तसंच. आपल्या देशात रेकॉर्ड भरायला सुरुवात झाली ती १९०२ साली, कलकत्त्याला. तेव्हा ज्यांनी त्या कर्ण्यासमोर गायचं धाडस केलं, त्यांत आघाडीवर होत्या गौहरजान. गाणं संपता संपता त्या मोठ्यानं स्वतःचं नाव सांगायच्या. त्याचं कारण अगदी व्यवहाराचं होतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, आणि तिथल्या कारागिरांना कागदावर कुणाचं नाव घालायचं ते कळायला हवं. कारण काही का असेना, बाईनं स्वतःच्या तोंडानं आपलं नाव सांगितलं आणि ते राहिलं. मग ४७ वर्षांनी 'महल' चित्रपट आला. त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं लता मंगेशकरांचं, पण रेकॉर्डवर नाव छापलं होतं 'कामिनी'. ते पडद्यावरच्या पात्राचं नाव! ही गाते कोण, अशी पत्रं लोकांनी लिहिली, तेव्हा खरं नाव बाहेर आलं. लताबाईंची ही गत, तर मशीनपाशी बसलेल्या पोरीचं नाव कोण विचारतो?

मी स्वतःही ते लपवलंच. घरात रेडिओ होता. बुधवारी रात्री सिलोनवरून अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' लागायची, आणि तिच्यावरूनच आम्ही पुढच्या लग्नसराईत कोणती रेकॉर्ड घ्यायची ते ठरवायचो. म्हणजे तो कार्यक्रम माझ्यासाठी धंद्याचा अभ्यास होता. पण फर्माइशीचं कार्ड लिहिताना मी खाली नाव घालायची धाकट्या भावाचं. पोरीचं नाव रेडिओवर आलं तर सोयरिक मोडेल, अशी आईला धास्ती. एकदा त्याचं नाव पुकारलं गेलं. तो बाहेर गोट्या खेळत होता. घरात सगळ्यांनी त्याला शाबासकी दिली. मी चुलीपाशी बसून ऐकलं.

आता दुसरी गोष्ट. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर बंजारा समाजातलं लग्न होतं. वडिलांबरोबर मीही गेले होते. नवरी निघायची वेळ झाली. आमची रीत अशी, की त्या वेळी 'नीलकमल'मधलं रफीसाहेबांचं निरोपाचं गाणं लावायचं. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत हटकून पाणी यायचं. मी सुई टेकवणार तोच एक म्हातारी आली आणि मशीनवर हात ठेवून म्हणाली, "बंद कर पोरी. आता तिचं ऐकू दे." आणि ती नवरी गायला लागली. बंजारा मुली सासरी निघताना ढावलो गातात. गाणंही तेच आणि रडणंही तेच. आईच्या गळ्यात पडून, भावाच्या गळ्यात पडून, एकेकाला नावानं हाक मारून ती आपलं दुःख स्वतः सांगत होती. सगळा तांडा गप्प उभा होता.

त्या दिवशी मला कळलं, की आमच्या भोंग्यानं काय काय गिळलं. हळदीला बाया गायच्या, तिथं आमची रेकॉर्ड वाजू लागली. जात्यावरच्या ओव्या गिरणी आल्यावर थांबल्या, आणि लग्नघरी उरलंसुरलं होतं ते आम्ही झाकून टाकलं. मुलगी घर सोडताना तिच्या बापाचं दुःख आम्ही पुरुषाच्या आवाजात लावायचो. गाणं सुंदरच आहे, मी ते हजारदा लावलं असेल. पण मुलीला काय वाटतं, आईला काय वाटतं, ते ऐकायला मशीन बंद करावं लागतं, हे मला त्या म्हातारीनं शिकवलं.

शिकवलं खरं, पण वेळेवर ते आठवलं नाही. ती तिसरी गोष्ट. ती सांगणं मला अजून जड जातं.

लग्नानंतर मी रिसोडला आले. यजमानांचाही हाच धंदा. १९८६च्या गणपतीत आमचं मशीन एका गल्लीत लागलं होतं. यजमान दुसऱ्या मंडळाकडे, इथं मी. मंडपाला लागून एक घर होतं. रात्री नऊच्या सुमारास त्या घरातून बाईचं ओरडणं ऐकू आलं. मारहाण चालली होती, हे कुणाला कळत नव्हतं असं नाही. त्या घरातला एक माणूस बाहेर आला, माझ्यापाशी वाकला आणि अगदी सहज म्हणाला, "बाई, जरा मोठ्यानं लावा ना."

मी बटण फिरवलं.

का फिरवलं? तो गिऱ्हाईक होता. तो पुरुष होता. मंडपात पन्नास माणसं बसली होती आणि एकही उठलं नव्हतं. 'त्यांच्या घरातलं आहे' असं मीही मनाशी म्हटलं. अॅम्प्लिफायरचं ते बटण केवढं, बिस्किटाएवढं. ते फिरवलं आणि तिचा आवाज नाहीसा झाला. सकाळी कळलं, तिचा हात मोडला होता. 'जिन्यावरून पडली' असं सांगितलं गेलं. ती माहेरी गेली, पुन्हा आली नाही. मला तिची माफी मागायला मिळाली नाही.

भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम १९८३ सालीच आलं होतं. नवऱ्यानं आणि सासरच्यांनी केलेला छळ हा गुन्हा आहे, असं कायदा सांगत होता. आमच्या गल्लीपर्यंत ते पोचलं नव्हतं. मला ते कळलं १९८९च्या ८ मार्चला. एका महिला गटानं कार्यक्रमासाठी आमचा माईक भाड्यानं घेतला होता. त्या बाया 'मुलगी झाली हो' नाटकातले प्रसंग करणार होत्या. मी वायरी जोडत सगळं ऐकत होते. शेवटी आभार मानताना एक बाई म्हणाली, "आणि ध्वनिक्षेपकाची व्यवस्था बघणाऱ्या ताई, तुमचं नाव काय हो?" एकवीस वर्षं माईक जोडत होते. त्या माईकवरून माझं नाव पहिल्यांदा त्या दिवशी बोललं गेलं.

पुढच्याच वर्षी एका बारशाच्या रात्री शेजारच्या घरातून तसाच आवाज आला. या वेळी मी मशीन पार बंद केलं. गल्ली एकदम शांत झाली आणि ते ओरडणं सगळ्यांना लख्ख ऐकू गेलं. "काहून बंद केलं वो?" असं दोघं-तिघं ओरडले. मी म्हटलं, "आयका ना आता." आधी बारशाच्या बाया उठल्या, दहाबारा जणी. त्यांनी दार वाजवलं. दार उघडलं. त्या रात्रीपुरता तरी मार थांबला. फार मोठं काही झालं, असं मी म्हणणार नाही. पण बटण दोन्हीकडे फिरतं, एवढं सिद्ध झालं.

चौथी गोष्ट माझी. १९९१ साली यजमान वारले. मशीन होतं, कॅसेटी होत्या, दोन पोरं होती, आणि काम मला येत होतं. लग्नाची गिऱ्हाइकं म्हणू लागली, "पोऱ्याले पाठवा बाई, तुम्ही नका येऊ. शुभकार्य आहे." म्हणजे माझं मशीन शुभ, माझ्या कॅसेटी शुभ, त्यातली गाणी शुभ, आणि ती निवडणारी मी तेवढी अशुभ! सहा वर्षं मी घरात बसून कॅसेटींवर आकडे घालून द्यायची आणि कामाला ठेवलेला पोऱ्या मंडपात त्या क्रमानं वाजवायचा. वारा आमच्या बाजूचा असला तर रात्री अंथरुणावरून ऐकू यायचं. पोऱ्यानं क्रम चुकवला की मी अंधारात एकटीच चिडायची.

१९९७ साली आमच्याच गल्लीतली एक मुलगी बापाला म्हणाली, "काकू स्वतः बसल्या तरच भोंगा लावा, नाहीतर नको." बाप कुरकुरला. आईनं मात्र मला मंडपात आणून खुर्ची दिली. मी बसले. त्या लग्नात एकही कॅसेट गुंतली नाही, लाइट गेली नाही, आणि ती मुलगी आज दोन नातवंडांची आजी आहे. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि मग सरकारनं सगळ्या गावांसाठी परिपत्रक काढलं, तेव्हा मला त्या पोरीची आठवण झाली.

आता आजचं. मी गाण्याच्या विरोधात नाही, माझं पोट गाण्यावर भरलं. पण त्या स्पीकरच्या भिंतीपुढे बाळंतीण झोपू शकत नाही, म्हातारीची छाती धडधडते, आणि गल्लीत कुणी हाक मारली तर शेजारणीला ऐकू येत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सणासुदीला सरकार रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षात पंधरा दिवसांपेक्षा जास्त नाही. म्हणजे कायदा आहे. प्रश्न आहे तो बटणापाशी कोण बसतं याचा. तुमच्या गावातल्या मंडळाच्या बैठकीत किती बाया असतात? वर्गणी तर प्रत्येक घरातून जाते.

म्हणून तुमच्याकडे मी तीनच गोष्टी मागते. मंडळाच्या बैठकीला बायांनी जाऊन बसावं, आणि आवाज किती व किती वाजेपर्यंत, हे तिथं ठरवून घ्यावं. घरी लग्न निघालं तर हळदीचा एक तास मशीन बंद ठेवावं आणि ज्यांना जे येतं ते त्यांनी गावं. सूर लागला नाही तरी चालेल. आणि शेजारून तसा आवाज आला तर टीव्ही मोठा करू नका. बंद करा. चौघी मिळून दार वाजवा, ११२ किंवा १८१ला फोन लावा.

माझं जुनं मशीन अजून घरात आहे. त्याच्या बटणावरचे आकडे माझ्या बोटानं पुसले गेलेत. पण मोठा आवाज कुठल्या बाजूला आणि बंद कुठल्या बाजूला, हे मला अंधारातही सांगता येतं. तुम्हीही शिकून घ्या. अवघड नाही.