ऐकून घेण्याची विद्या

'बोलता तर सगळ्यांनाच येतं; मग ते कॉलेजात जाऊन काय शिकायचं?' असे खेड्यातले पालक मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. पोराची दोन वर्षे आणि पदरचा पैसा घालायचा, तर नाणे वाजवूनच घ्यावे.

अमेरिकेत 'कम्युनिटी कॉलेज' म्हणून एक संस्था आहे. आपण तिला दारचे कॉलेज म्हणू. इलिनॉय राज्यात जोलिएट या गावी १९०१ साली असे एक कॉलेज निघाले, तेव्हा विद्यार्थी होते अवघे सहा! घरी राहूनच मुलांनी उच्च शिक्षणाची पहिली दोन वर्षे पुरी करावीत, हा हेतू. कॅलिफोर्नियात सांता मोनिका येथील अशाच एका कॉलेजाने १९४५ साली रेडिओ केंद्र काढले. कशासाठी? तर महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना एफ्. एम्. प्रक्षेपणाची तेव्हाची नवी विद्या शिकवावी म्हणून.

अशा ठिकाणी संज्ञापन शिकायचे, म्हणजे सभेत बोलायचे, मुलाखत घ्यायची, बातमी लिहायची, ध्वनिमुद्रण कापून-जोडून नीट करायचे. पण हे झाले हातचे कसब. खरा धडा निराळाच आहे. आपण सांगितले म्हणजे ते पोचले, असे होत नाही. फवारणीचे औषध दहा लिटर पाण्यात किती घालायचे, हे तुम्ही शेतकऱ्याला सांगितलेत. त्याने मान डोलावली. तेवढ्यावर निघून जाऊ नका. 'आता तुम्ही मला सांगा बरं,' असे म्हणा. तो काय सांगतो ते ऐकलेत, की तुमचे बोलणे किती पोचले ते कळेल.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे त्यात होती. मंडळी जमून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राला कळवीत. रेडिओ बोलत होता, तसा गावाचे ऐकतही होता.

आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. आलेला निरोप न वाचताच पुढे ढकलला जातो. म्हणून गुरुजनांना विनंती, कॉलेजची वाट पाहू नका. शनिवारी एक तास काढा. मुलांना गावातली एक बातमी आणायला सांगा आणि तीनच प्रश्न विचारा : कोणी सांगितलं? त्याला कसं ठाऊक? दुसऱ्या बाजूला विचारलंस का?

पालकहो, तुमच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. बोलणे मूल घरात शिकते. चौकशी करून बोलणे आणि समोरच्याचे ऐकून घेणे मात्र शिकवावे लागते. ते शिकलेली चार मुले गावात असली, तर गावाची हकीकत सांगायला बाहेरचा माणूस लागणार नाही. आणि बाहेरून आलेली अफवाही वेशीवरच अडेल.