काजळाचा डाग

आजचा विषय जरा वेगळा आहे. हाताने घडवलेली रायफल. कारखान्यातून खोक्यात भरून येते ती नव्हे, तर शिंप्याने माप घेऊन कपडे शिवावेत तशी एका माणसासाठी बनवलेली. आधीच सांगून टाकतो, मी शिकारी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचा हौशी शिकारीचा जमाना संपवला, ते उत्तमच झालं. पण ही कारागिरी समजून घ्यायला बंदूक चालवायची गरज नाही. एक गोष्ट ऐका, म्हणजे कळेल.

साल १९०७. कुमाऊंमधलं चंपावत. तिथल्या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी सांगितले जायचे. जिम कॉर्बेट तिच्या मागावर होता. खिशात फक्त तीन काडतुसं. तिन्ही संपली. वाघीण जखमी झाली, पण मेली नाही. कॉर्बेट पळत तहसीलदाराकडे गेला, त्यांच्या हातातली बंदूक घेतली आणि परत वाघिणीसमोर आला. मधलं अंतर साधारण वीस फूट. नेम धरायला बंदूक उचलली, तेव्हा दिसलं की नळ्या आणि मागचा ठोकळा यांच्यात फट आहे. किती? इंचाचे तीन अष्टमांश. म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर!

काडतूस उडतं तेव्हा आतल्या जळत्या वायूला वाट पाहिजे असते. पुढून गोळीमागे गेला तर ठीक. मागे फट असेल तर तो थेट तुमच्या डोळ्यांत. कॉर्बेटला हे माहीत होतं, तरी त्याने चाप ओढला. नेम धरला होता वाघिणीच्या उघड्या तोंडावर, गोळी लागली तिच्या पंजाला. आधीच्या जखमांनी ती संपतच आली होती, म्हणून हा माणूस वाचला.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी कॉर्बेटला एक रायफल भेट दिली. लंडनच्या जॉन रिग्बी अँड कंपनीची, .२७५ बोअरची. दस्त्यावर चांदीची छोटी पट्टी आणि तिच्यावर कोरलेला मजकूर. म्हणजे बघा, बऱ्याच जणांना वाटतं तसं त्या रायफलने चंपावतची वाघीण मारलेली नाही. वाघीण मारली म्हणून ती रायफल मिळाली.

आता तिच्या आत काय आहे ते पाहू. रायफलचं हृदय म्हणजे अ‍ॅक्शन. काडतूस आत घेणारा, कोंडून धरणारा, रिकामं टरफल बाहेर फेकणारा भाग. रिग्बी हा भाग जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फहून माउझरच्या कारखान्यातून आणायचे. माउझर मुळात सैन्यासाठी बनवत होता, हजारोंच्या संख्येने. त्याच्या बोल्टला बाजूने लांब स्प्रिंगच्या पोलादाचा पंजा असतो. काडतूस पेटीतून वर आलं की हा पंजा त्याची कड पकडतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही. घाईत, उलटसुलट धरून बोल्ट मारला तरी काडतूस घरंगळत नाही. सैनिकाला जे पाहिजे, तेच वाघासमोरच्या माणसाला पाहिजे. लंडनचे कारागीर ही सैनिकी वस्तू घ्यायचे आणि तिच्यावर हात फिरवायला बसायचे. घासून, पॉलिश करून, बोल्ट काचेवर बोट फिरवावं तसा सरकेपर्यंत.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते लाकडाचं काम. दस्ता अक्रोडाचा. जड नाही, ठिसूळ नाही, कोरायला गुणी. ठोकळा आधी वर्षानुवर्षं वाळू द्यायचा, कारण ओलं लाकूड नंतर वाकतं. मग रेषा बघायच्या. मुठीपाशी दस्ता बारीक होतो, म्हणून तिथे रेषा सरळ, लांबीच्या दिशेने पाहिजेत, नाहीतर धक्क्याने तिथेच मोडतो. मागच्या जाड भागात मात्र ढगांसारखी नक्षी असेल तर अजून छान. गिऱ्हाईक पैसे नक्षीचे देतं, कारागीर आधी मूठ बघतो!

आता या लाकडात लोखंड बसवायचं. कसं? काजळाने. हो, काजळच! दिव्याच्या धुराची काजळी तेलात कालवून धातूच्या भागाला पातळ लावायची. तो भाग लाकडाच्या खाचेत दाबून बसवायचा आणि काढायचा. जिथे टेकला, तिथे काळा डाग. तेवढाच डाग पटाशीने खरवडायचा. परत काजळ, परत दाबा, परत काढा, परत खरवडा. दिवसचे दिवस! शेवटी सगळीकडे सारखा डाग उमटतो, म्हणजे लाकूड आणि लोखंड सगळीकडे एकमेकांना भिडलं. मधे केसही जाऊ नये. घाई करून एक खरवडा जास्त मारला तर लाकूड परत लावता येत नाही. नवा ठोकळा घ्या.

एवढा अट्टहास फक्त दिसण्यासाठी? नाही. अ‍ॅक्शनच्या खाली एक आडवा उंचवटा असतो, गोळी सुटल्याचा सगळा धक्का तो लाकडाला देतो. तो नीट टेकला नसेल तर प्रत्येक बारानंतर लोखंड किंचित हलतं आणि नेम सरकतो. आणि एक दिवस दस्ता उभा चिरतो. पावसाळ्यात दारं कशी फुगतात ते आपल्याला सांगायला नको. तसंच फुगलेलं लाकूड नळीला एका बाजूने रेटलं, तर काल बरोबर लागणारी गोळी आज भलतीकडे.

मग माप. दस्त्याची लांबी हातानुसार, उंची गालानुसार. उजवा खांदा असेल तर दस्ता किंचित उजवीकडे झुकलेला. त्यासाठी सांधे असलेली, हवी तशी लांब-आखूड करता येणारी बंदूक खांद्याला लावून मापं घेतात. परीक्षा सोपी आहे. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, डोळे उघडा. माशी आणि खाच समोर एका रेषेत दिसली पाहिजेत, मान न हलवता.

नळीचा काळा रंग तर मजेशीर प्रकार. तो रंग नाहीच, गंज आहे! नळी तेलाचा थेंबही राहणार नाही अशी साफ करायची, आम्लाचं पाणी लावून दमट पेटीत ठेवायची. तांबडा गंज चढला की उकळत्या पाण्यात टाकायची. तांबड्याचा काळा होतो, म्हणजे लोहाचं एक ऑक्साइड जाऊन दुसरं तयार होतं. वरची भुकटी बारीक तारेच्या ब्रशने झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. अनेक वेळा. शेवटी मखमली काळा थर बसतो, तो उन्हात चमकत नाही आणि तेलाचा हात फिरवत राहिलात तर पुढच्या गंजाला बरंच अडवतो.

दस्त्याला जवसाचं तेल, तळहाताने चोळून, थेंबाथेंबाने, कित्येक आठवडे. वार्निशवर चरा पडला की कायमचा. तेलाच्या दस्त्यावर पडला तर परत तेल चोळा. मुठीवरची बारीक चौकटींची नक्षीही हातानेच कापतात, घामाने भिजलेला हात घसरू नये म्हणून.

आता परत कॉर्बेटकडे. एप्रिल १९३०, चौगडची नरभक्षक वाघीण. वाटेत त्याला रातवा पक्ष्याची दोन वेगळ्याच आकाराची अंडी सापडली. याला अंडी जमवायचा नाद, म्हणून डाव्या हातात शेवाळावर ठेवून निघाला. उजव्या हातात .२७५ रायफल. एका खडकाला वळसा घालून मागे बघतो तर आठ-नऊ फुटांवर वाघीण, सरळ त्याच्या डोळ्यांत बघत. झटका दिला असता तर तिने उडी घेतली असती. अंडी टाकायचीही सोय नाही. त्याने एका हाताने रायफल फिरवायला सुरुवात केली, इतकी हळू की वाघिणीला हालचाल कळू नये. गोल वळसा. खांदा नाही, दुसऱ्या हाताचा आधार नाही. तोंडाकडे जड रायफल असती तर मनगट थरथरलं असतं.

त्याने चाप ओढला, वाघीण जागेवरच कोसळली. अंडी शाबूत होती. ती त्याने माघारी जाऊन घरट्यात ठेवली, आणि अर्ध्या तासाने तिथून परत जाताना बघितलं तर रातवा त्यांच्यावर बसलेला होता.