पेटीची उंची आणि वादकाचें आसन

वाद्य विकत घेतांना मनुष्य त्याचा सूर पाहतो, लाकूड पाहतो, भात्यांत हवा टिकते कीं नाहीं तें पाहतो. परंतु त्या वाद्यापुढें बसावयाचें कसें, हा प्रश्न दुकानांत बहुधा कोणाच्या मनांत येत नाहीं. पुढें कांहीं काळानें मान आंखडूं लागते, मनगट दुखूं लागतें, आणि दोष वयाला किंवा रियाझाला दिला जातो. पुष्कळ वेळां तो दोष केवळ दोन-तीन इंच उंचीचा असतो.

पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँ यानें १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें, तेव्हां तें मेजासारखें उंच वाद्य होतें. वादक खुर्चीवर बसे, पायांनीं भाता चालवी, आणि त्याचे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहत. हिंदुस्थानांतील गायक-वादक मात्र बैठकीवर बसणारे. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं पायांचा भाता काढून हातानें चालणारी पेटी तयार केली. डाव्या हाताकडे हवा व उजव्या हाताकडे सूर अशी कामाची वांटणी झाली. पुढें ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं पेटीस बंदी केली व ती १९७१ सालीं शिथिल झाली; तो वाद श्रुतींचा होता. बसण्याचा प्रश्न त्याहून जुना असून तो अजून घरोघरीं शिल्लक आहे.

मराठी रंगभूमीनें पायांच्या भात्याशीं नातें तोडलें नाहीं. १९१३ सालीं स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळींत ऑर्गनला साथीच्या वाद्यांत मानाचें स्थान मिळालें, आणि हरिभाऊ देशपांडे यांची बालगंधर्वांना असलेली ऑर्गनची साथ रसिकांच्या स्मरणांत राहिली. तीं नाटकें रात्रीं फार उशिरापर्यंत चालत. इतका वेळ पायांनीं अखंड भाता चालविणाऱ्या वादकाची मांडी अवघडली, तर हवेंत खंड पडतो व तो सुरांत ऐकूं येतो. म्हणून वादकाची सोय ही त्याची खाजगी बाब नव्हे; गायकाचा आधार तिच्यावर अवलंबून असतो.

ऑर्गन किंवा पायपेटी यांच्यापुढें बसतांना प्रथम पायांचा विचार करावा, मग आसनाचा, आणि शेवटीं हातांचा. पाऊल फळीवर पूर्ण टेकावें, हालचाल घोट्यांतून व्हावी, आणि गुडघा काटकोनाहून किंचित् उघडा राहावा. बैठक फार उंच असली तर पाऊल अधांतरीं राहतें व तिची कड मांडीखालीं रुततें. फार ठेंगणी असली तर कोपर पट्ट्यांच्या खालीं जातें आणि खांदे वर चढतात. कित्येक लोक अशा वेळीं वाद्याखालीं ठोकळे देतात. त्यानें कांहीं साधत नाहीं, कारण पायांखालच्या फळ्याही वाद्याबरोबरच वर जातात व हात आणि पाय यांमधील अंतर होतें तेवढेंच राहतें. तेथें बदलावयाची ती बैठकच. तिची उंची, आणि वाद्यापासून तिचें अंतर.

अमेरिकेंतील पेडल स्टील गिटारची गोष्ट याच्या उलट आहे. १९५४ सालीं वेब पिअर्स याच्या ‘स्लोली’ या गीतांतील बड आयझॅक्सच्या वादनानें तें वाद्य विशेष प्रसिद्धीस आलें. तें चार पायांवर उभें असतें. वादक बसून वाजवितो, पावलांनीं पेडलें दाबतो व गुडघ्यांनीं खालचे दांडे ढकलतो. उंच वादकाच्या मांड्या त्या दांड्यांस अडूं लागल्या, म्हणजे वाद्याचे पाय लांब करावे लागतात. परंतु पेडल आणि वाद्य यांना जोडणाऱ्या सळयाही तितक्याच लांब केल्या नाहींत, तर पेडलें वर ओढलीं जातात आणि पावलांची सोय बिघडते. एक उंची बदलली कीं तिच्याशीं बांधलेली दुसरीही पाहावी लागते.

आतां बैठकीवरची पेटी. बुलढाणा जिल्ह्यांत, संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं सोनाळा हें गांव आहे. अशा गांवांतील भजनाच्या बैठकींत पुष्कळदां पेटी एकच असते, आणि तिच्यापुढें आज आजोबा बसतात तर उद्यां नातू. दोघांची उंची एक नसते. मुलाचें कोपर पट्ट्यांच्या खालीं राहिलें, तर तें खांदे उचलून वाजवितें, लवकर थकतें, आणि घरचे म्हणतात कीं त्याचें लक्ष नाहीं. त्या मुलाखालीं घोंगडीच्या दोन-तीन घड्या द्याव्यात. उंच मनुष्य पेटीवर वांकत असेल, तर पेटीखालीं पाट ठेवावा. पाट हलतां कामा नये, आणि पेटीमागें भाता उघडण्यास मोकळी जागा हवी.

गुडघेदुखीमुळें ज्यांना मांडी घालवत नाहीं, त्यांच्यासाठीं पेटी जेवणाच्या टेबलावर ठेवण्याची चाल आहे. पण टेबलाच्या उंचींत पेटीची उंची मिळविली, म्हणजे पट्ट्या जवळजवळ छातीशीं येतात. त्यापेक्षां मांड्यांना जेमतेम जागा देणारा ठेंगणा बाक करून घ्यावा, आणि खुर्ची थोडी उंच घ्यावी.

परीक्षा सोपी आहे. दंड अंगालगत सैल सोडावा, कोपरांत हात वळवावा. बोटें जेथें येतील तेथें, किंवा त्याहून किंचित् खालीं, पट्ट्या असाव्यात. मनगट सरळ राहावें. मग दहा मिनिटें वाजवून पाहावें. खांदा जड वाटला, तर आसनाची एक घडी वाढवून पुन्हां पाहावें. मनगट मागें मुडपत असेल किंवा पाठ वांकत असेल, तर एक घडी कमी करावी. गांवांतील सुताराकडून एक पाट आणि घरांतली एक घोंगडी, एवढ्यावर हें काम भागतें; आणि त्यामुळें ज्येष्ठ भजनीबोवांचीं आणखी कांहीं वर्षें पेटीजवळ जातील, व नवशिक्या मुलाचा हात पहिल्याच वर्षीं थांबणार नाहीं.