कपाट एक, माणसं चार

(संस्थेच्या गणेशोत्सवात महिला मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. लिहून काढताना थोडे आवरते घेतले आहे.)

मैत्रिणींनो, आणि चहाच्या निमित्ताने मागे थांबलेल्या सभासद बंधूंनो,

मी काही इंटिरियरवाली नाही. शेजारणीने आमचं कपाट बघितलं आणि परस्पर माझं नाव देऊन टाकलं.

आपल्या विंगमधल्या बेडरूम सगळ्या सारख्याच. पलंग टाकून साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद लोखंडी कपाट उभं केलं, की माणसाने तिरकं होऊन चालायचं. आमच्या त्या एका कपाटात तिघांचे कपडे. दोन वर्षांपूर्वी सासरे गेले आणि सासूबाई कायमच्या आमच्याकडे आल्या. त्या समोरच बसल्यात, त्यांना विचारूनच सांगते आहे. तिसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं, की त्या रोज सकाळी जमिनीवर बसून पलंगाखालची पिशवी ओढतात. गुडघे दुखत असताना! मी म्हटलं, "आई, कपाटात का नाही ठेवत?" तर म्हणाल्या, "राहू दे गं, तुमचंच मावत नाही. माझी मेली चार लुगडी."

मला फार लागलं ते.

सुताराने भिंतभर वॉर्डरोबचे पासष्ट हजार सांगितले. त्या वर्षी मुलाची कॉलेजची फी होती, म्हणजे विषयच संपला. मग एका रविवारी अख्खं कपाट पलंगावर रिकामं केलं. (त्या दिवशी पिठलं-भातच करा. दुपारचे चार वाजतात.) काय निघालं म्हणता? जोडी हरवलेले अकरा अभ्रे, ह्यांच्या सोडलेल्या नोकरीचे दोन युनिफॉर्म आणि पिशवीत कोंबलेल्या पिशव्या. मुलाचा बालवाडीचा शर्ट मात्र मी परत ठेवला. तेवढं चालतं.

लोखंडी कपाटाचे कप्पे उंच असतात. कपड्यांची थप्पी उंच केली तर कोसळते, नाही केली तर वरची जागा फुकट. माळ्यावर एक बुटका चौरंग पडून होता, तो कप्प्यात ठेवला. खाली चादरी, वर रोजचे कपडे. एकाचे दोन कप्पे झाले! चादर घडी करून तिच्याच अभ्र्यात घालायची, साडीच्या घडीत तिचा परकर-ब्लाउज. रुमाल-मोजे बुटांच्या खोक्यांत. दार लोखंडी, त्यामुळे लोहचुंबकाचे हुक नुसते चिकटवले, भोकं पाडायला नकोत. चार हुक आणि दोन मीटर मलमल, सगळे मिळून चारशे दहा रुपये.

मलमल कशाला, ते ऐका, कारण इथे माझं नुकसान झालंय. आमचं कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून होतं. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते, चेअरमनसाहेबांना ठाऊक आहेच. माझी लग्नातली पैठणी प्लास्टिकच्या पिशवीत होती. दमट हवा आतच कोंडली आणि पदरावर बुरशीचे काळे ठिपके आले. आता कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आहे. रेशमी साड्या मलमलमध्ये, नाहीतर जुन्या धुतलेल्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळते. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलते, नाहीतर जर घडीवरच तुटते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर अजिबात नकोत. इस्त्रीचा गरम कपडाही लगेच आत नको. ऊन पडलं की तासभर दारं सताड उघडी.

आता सासूबाईंचा कप्पा. वरून दुसरा, छातीच्या उंचीचा, तो आधी माझा होता. मी खालच्या कप्प्यात गेले, मला वाकता येतं अजून. ह्यांची थोडी कुरकुर झाली, कारण शर्ट सगळ्यात वर गेले. पहिल्या दिवशी आईंनी लुगडी लावली, चष्म्याचं घर ठेवलं आणि शेवटी रुमालात गुंडाळलेलं मामंजींचं घड्याळ. इतके दिवस ते पिशवीच्या तळाशी होतं, मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "किल्ली कुठे ठेवतेस गं?" दुसरी किल्ली त्यांच्या कनवटीला आहे. आता उलट मलाच मागावी लागते.

पिशवी धुऊन माळ्यावर टाकली. चौरंग कोणाला हवा असेल तर माझ्याकडे आणखी एक आहे, पण गौरी-गणपती झाल्यावर. चहा आला वाटतं, थांबते.