धुरीची मासळी: आधी आपल्या ताटात, मग पाकिटात

(बेलापूर येथे झालेल्या फेडरेशनच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



मागच्या सभेत उरणकडच्या दोन गटांनी ठराव मांडला होता. मॉलमध्ये काचेच्या फ्रीजमध्ये ‘स्मोक्ड फिश’ म्हणून पाकीट मिळतं, आपल्या बांगड्याच्या कितीतरी पट भाव असतो, मग आपणच का नाही करायचं? त्यासाठी भट्टी आणि व्हॅक्युम मशीन घ्यायला गटाचं कर्ज हवं होतं. अध्यक्ष मावशी मला म्हणाल्या, तू जरा माहिती काढ आणि पुढच्या वेळी बोल. म्हणून आज बोलतेय. मी समाजकार्य शिकलेली पोरगी. बोंबील कसा सुकवायचा ते मी तुमच्याकडून शिकायचं, तुम्ही माझ्याकडून नाही. पण धुराचं गणित उन्हापेक्षा वेगळं आहे, आणि तिथे थोडं सावध राहावं लागेल.

पहिली गोष्ट. धुरी आपल्याला नवीन नाही. पनवेल तालुक्यातल्या वाड्यांवरच्या काही तायांनी मला सांगितलं, पहिल्या पावसात वळगणीचे मासे मिळतात ते एका दिवसात संपत नाहीत. मग चुलीच्या वर टांगलेल्या जाळीवर पसरतात, खाली जाळ चालूच असतो, दोन-तीन दिवसांत काळपट कडक होतात. पावसात ऊन कुठून आणणार! कोळीवाड्यात मात्र ऊन हीच आपली भट्टी. बोंबील वलांडीवर, जवळा अंगणात, सोडे सुपात. दिवाळ्याच्या, करंजाच्या मावश्यांना धुरीची फार गरज पडली नाही, कारण बोंबील आणि जवळा उन्हातच चांगले होतात.

का होतात, ते बघा. बोंबलात चरबी फार कमी. ताज्या बोंबलाचा जवळपास नव्वद टक्के भाग नुसतं पाणी. पाणी उडालं की काम झालं. पण तारली, पेडवे, बांगडा हे तेलाचे मासे. ते उन्हात ठेवले की तेलाला हवा लागते, रंग पिवळा पडतो, खवट वास येतो. तुम्ही म्हणालच, तारली सुकवली की घशाला लागते. तिथे धूर कामाला येतो. लाकडाच्या धुरात जे घटक असतात त्यातले काही तेल खवट होण्याचा वेग कमी करतात, काही जंतूंना आवरतात. शिवाय आच लागून मासा शिजतो आणि वरचं पाणी कमी होतं. म्हणजे आपल्या किनाऱ्याला दोन्ही हवं: बिनतेलाच्या मासळीला ऊन, तेलाच्या मासळीला धूर. नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटतात, तेव्हा तारली-बांगड्याची रेलचेल होते, भाव पडतो, आणि आभाळ अजून भरलेलंच असतं. धुरीची खरी जागा तिथे आहे, मॉलच्या फ्रीजमध्ये नंतर बघू.

आता खाण्याचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली 2019 ते 2021 मध्ये. त्यात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54 टक्के रक्त कमी असलेल्या निघाल्या. म्हणजे या हॉलमध्ये शंभर जणी असतील तर चोपन्न. पायऱ्या चढताना धाप लागते, तेव्हा आपण म्हणतो वय झालं. पस्तिशीत कसलं वय होतंय?

आणि मासळी विकणाऱ्या घरात ही गत, याचं मला नवल वाटायचं. मग गावोगाव फिरताना बघितलं. चांगला माल पाटीत जातो बाजारात. घरी उरतो तो चुरा. त्यातला तुकडा पुरुषांना, मग मुलांना, आणि सुनेच्या वाट्याला कालवणाचं पाणी. रस्सा चविष्ट असतो, कबूल. पण प्रथिनं तुकड्यात असतात, रश्श्यात फार उतरत नाहीत.

सुक्या बोंबलात शंभर ग्रॅममागे साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. पंचवीस ग्रॅम म्हणजे छोटी मूठ. त्यात पंधरा ग्रॅम प्रथिनं आली, दोन अंड्यांपेक्षा जास्त. गरम धुरीच्या माशात पाणी जास्त शिल्लक राहतं, म्हणून तोच आकडा कमी होतो, पण ताज्यापेक्षा थोडा जास्तच. धूर स्वतः काही घालत नाही हं, पाणी जातं म्हणून बाकीचं दाट होतं. मासळीतलं लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा शरीराला सहज घेता येतं, आणि ब-12 तर भाजीत नसतंच. बारीक मासा काट्यासकट चावून खाल्ला तर कॅल्शियमही मिळतं. तारली-बांगड्याचं तेल, ज्याच्या गोळ्या औषधाच्या दुकानात महाग मिळतात, ते धुरीतही बरंचसं टिकतं.

दोन सवयी मात्र सोडायच्या. जेवल्यावर लगेच चहा, त्याने लोह शोषलं जात नाही, तासाभराने घ्या. आणि मासळीबरोबर आंबट काहीतरी हवंच: लिंबू, कैरी, टोमॅटो. आपल्या आज्या आंबट घातल्याशिवाय मासळी करायच्या नाहीत, त्या चवीसाठी करायच्या, पण फायदा दोन्हीकडून झाला.

मीठ. हे जरा स्पष्ट सांगते, कारण बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या मावश्या इथे समोरच बसल्यात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट एक चमचा. खारवलेल्या, धुरी दिलेल्या मासळीत मीठ आधीच असतं. कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवा, ते पाणी फेका, आणि कालवणात वेगळं मीठ घालू नका, शेवटी चाखून बघा. वर्षाच्या आतल्या बाळाला ही मासळी द्यायची नाही, त्याच्यासाठी ताजा मासा वाफवून, काटे काढून.

मग करायचं काय याचं? मालदीव आणि लक्षद्वीपच्या मिनिकॉयमध्ये टुना उकळतात, धुरावतात, मग वाळवून दगडासारखा कडक करतात. श्रीलंकेतल्या बायका त्याचा चुरा खोबऱ्याच्या चटणीत, भाजीत चिमूटभर घालतात. आपण जवळा वापरतो तसंच की! मणिपूरमध्ये धुरीचा मासा भाज्यांबरोबर उकडून, मिरची घालून ठेचतात. म्हणजे धुरीची मासळी तुकडा म्हणून खायची वस्तू कमी आणि चवीची वस्तू जास्त. घरात एकच बांगडा असेल तरी पाच जणांच्या भाजीत तो पोहोचतो. फक्त कुस्करून सगळ्यांच्या वाटीत सारखा पडेल असं बघा, कारण कुस्करलेला मासा वेचून एकाच्याच ताटात वाढता येत नाही. मला तर हाच त्याचा मोठा गुण वाटतो.

आम्ही दोन घरी करून बघितलं. धुरीच्या बांगड्याची काळी पडलेली कातडी काढून टाकली, मांस काट्यावरून सोडवलं. तव्यावर कांदा, हिरवी मिरची, लसूण, थोडं ओलं खोबरं, दोन आमसुलं. मासा सगळ्यात शेवटी, पाच मिनिटं झाकण ठेवून. आधी घातला तर कोरडा होतो आणि घर धुराने भरल्यासारखं वासतं. तांदळाच्या भाकरीबरोबर उत्तम. दुसरं म्हणजे कुळथाची पिठी. ती उकळत आली की मूठभर मासा त्यात सोडायचा. वाल-वांग्यात सोड्याऐवजीही चालतो. पोरं पहिल्या दिवशी नाक मुरडतात, मग पोपटीचा वास येतो म्हणून खातात.

आता भट्टीकडे येते. घानामध्ये अक्रा शहराजवळ चोरकोर नावाचं कोळ्यांचं गाव आहे. तिथल्या बायका गोल मातीच्या भट्टीवर मासे धुरवायच्या, धुराने डोळे चुरचुरायचे, हात भाजायचे. 1970 च्या सुमारास त्यांनी आणि तिथल्या अन्न संशोधन संस्थेने मिळून चौकोनी भट्टी काढली. खाली जाळ, वर जाळीचे ट्रे एकावर एक रचलेले. ट्रेच्या भिंतीच धुराडं होतात, त्यामुळे धूर माशाला जास्त लागतो आणि बाईला कमी. लाकूडही कमी लागतं. पुढे सेनेगलच्या थियारोय इथे तीच भट्टी आणखी सुधारली: माशाचं तेल निखाऱ्यावर टपकू नये म्हणून मध्ये पत्रा. कारण तेल निखाऱ्यावर पडलं की जो काळा धूर उठतो, त्यातले घटक कॅन्सरला कारण ठरू शकतात. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने गटांसाठी सामूहिक धुरी-भट्टी तयार केली आहे. तेव्हा नवीन काही शोधायची गरज नाही, बघून यायचं आहे.

आणि घरातल्या चुलीवर हा धंदा करायचा नाही. उज्ज्वलाचा सिलिंडर घेऊन धुरातून सुटलो, आता मासळीसाठी पुन्हा त्याच खोलीत कोंडून घ्यायचं काय? भट्टी उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूने.

जळणाचं नीट ऐका, इथे नवी मुंबईत फसायला जागा खूप आहे. नारळाचं सोडण, करवंटी, बाभूळ, आंबा चालेल, पण वाळलेलं. एपीएमसीतून फळांच्या पेट्या फुकट मिळतात म्हणून त्या जाळायच्या नाहीत, त्यांना खिळे, रंग, छपाईची शाई असते. प्लाय तर नकोच. टीटीसी पट्ट्यातले रिकामे ड्रम स्वस्तात मिळतात. त्यात आधी कोणतं केमिकल होतं ते धुऊन जात नाही, तो ड्रम भट्टीला वापरायचा नाही. आणि तिवर तोडायचं नाही. खारफुटी तोडणं गुन्हा आहे हे एक, आणि तिवर गेलं की खाडीतली कोळंबी, निवट्या, चिंबोऱ्या पण जातात हे दुसरं.

आता व्हॅक्युम मशीन. माझं मत सरळ आहे: यंदा नको. सांगते का.

कडक सुका बोंबील महिनोन्‌महिने टिकतो, कारण त्यात पाणी नाही. गरम धुरीचा मासा दिसायला सुक्यासारखा, पण आत ओला. बाहेर ठेवला तर ताज्या शिजवलेल्या माशापेक्षा फार टिकत नाही. त्याला बर्फ किंवा फ्रीज लागतोच. व्हॅक्युममध्ये हवा काढली की नेहमीचे कुजवणारे जंतू वाढत नाहीत, म्हणून वास येत नाही, मासा चांगला वाटतो. पण एक जंतू असा आहे की त्याला हवा नसलेलीच जागा आवडते, आणि त्याचं विष माणसाला लुळं करतं. 1963 मध्ये अमेरिकेत हेच झालं. मोठ्या सरोवरांतला धुरीचा मासा हवाबंद पाकिटात भरून थंड न ठेवता लांब पाठवला आणि तो खाऊन माणसं दगावली. कारखान्यांचा माल होता तो. आपलं पाकीट सरसच्या स्टॉलवर दिवसभर उन्हात राहणार, मग लोकल ट्रेनने कोणाच्या तरी घरी जाणार. कर्जाचा हप्ता बुडाला तर भरता येतो. माणूस गेला तर काय भरणार?

तेव्हा सुरुवात अशी करू. आठवड्यातून एकदा, दहा-बारा किलो, मागणी आधी घेऊन. मासा एकदम ताजा. भाव पडला म्हणून संध्याकाळचा उरलेला बांगडा धुरीला घातला तर चालणार नाही. बर्फाविना पडलेल्या बांगड्यात जो पदार्थ तयार होतो, तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, तो धुराने जात नाही, शिजवूनही जात नाही. साफ करून, मिठाच्या पाण्यात ठेवून, वरची ओल निथळू द्यायची, मग धुरी. माशाच्या मधोमध 63 अंश तापमान निदान अर्धा तास हवं, त्यासाठी सळईचा थर्मामीटर घेऊ, तो मशीनपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. गार झाला की साध्या कागदात, बर्फाच्या डब्यात, आणि दोन दिवसांत घराघरांत. अन्न सुरक्षेची नोंदणी छोट्या धंद्याला वर्षाला 100 रुपयांत होते, ती आधी काढू. आणि वहीत एक रकाना घालू: किती विकलं, याच्या शेजारी घरी किती खाल्लं.

आता प्रश्न घेते.

(एका ताईंनी विचारलं, सूनबाईला पाचवा महिना आहे, तिला चालेल का.) चालेल, मावशी. पण थंड तसाच नाही द्यायचा, कालवणात नीट उकळून, वाफा येईपर्यंत. आठवड्यातून एखाद-दोन वेळा पुरे, बाकी दिवशी ताजी मासळी, डाळ, अंडं. आणि लोहाच्या गोळ्या आशाताईंनी दिल्यात त्या चालूच ठेवायच्या, मासळी खाल्ली म्हणून बंद नाही करायच्या.

(दुसऱ्या ताई म्हणाल्या, तारलीला काटे फार, पोरं खात नाहीत.) हो, खरंय. धुरीनंतर पाठीवरून दाबलं की मधला काटा अख्खा निघतो, तो काढा. बारीक राहिले तर त्या तारल्या पाट्यावर वाटून चटणीत घाला, खोबरं आणि लाल मिरची सढळ हाताने.