चाकांची खुर्ची आणि शाळेची पायरी
(अंजनवेल येथील शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



सन २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत विनामूल्य शिकण्याचा अधिकार दिला आहे. पायांत बळ नसलेल्या मुलाचा हा अधिकार पुष्कळदा शाळेच्या पायरीशीच अडतो. म्हणून चाकांच्या खुर्चीचा परिचय शिक्षकांस असणे अगत्याचे आहे.

सुमारे १६५५ मध्ये न्यूरेंबर्गजवळच्या स्टीफन फार्फलर ह्या चालू न शकणाऱ्या घड्याळजीने हाताने फिरवावयाची तीनचाकी स्वतःसाठी तयार केली. अमेरिकेत खाणीत जायबंदी झालेले हर्बर्ट एव्हरेस्ट व त्यांचे अभियंता स्नेही हॅरी जेनिंग्ज यांनी १९३३ मध्ये पोलादी नळ्यांची घडीची खुर्ची निर्मिली. १९७९ च्या सुमारास मॅरिलिन हॅमिल्टन यांनी मित्रांकरवी हलक्या ॲल्युमिनियमची खुर्ची करविली. त्याही अपघाताने अपंग झाल्या होत्या. ज्याला बसावयाचे, त्यालाच खुर्चीचे दोष आधी कळतात, हा ह्या इतिहासाचा बोध होय. तेव्हा मुलाला काय अडते, हे प्रथम त्यालाच विचारावे.

आपल्याकडे सोळाव्या वर्षी पक्षाघात झालेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली. त्यांच्या आत्मकथनाचे नावच 'चाकाची खुर्ची' असे आहे.

खुर्चीचे प्रकार मुख्यतः चार. चारही चाके लहान असलेली खुर्ची दुसऱ्याने ढकलावी लागते. मागील मोठ्या चाकांना कडे असलेली खुर्ची मूल स्वतः चालवू शकते. हातपायडलची तीनचाकी रस्त्यास उत्तम, परंतु वर्गात वळत नाही. विजेरीवर चालणारी खुर्ची हातांतही बळ नसणाऱ्यास उपयोगी पडते.

खुर्ची मुलाच्या मापाची हवी. मोठ्या माणसाच्या खुर्चीत मूल एका अंगास कलते व त्याचे हात चाकांपर्यंत पोहोचत नाहीत. ज्यांच्या अंगास संवेदना नाही, त्यांना एकाच जागी बसून जखमा होतात. म्हणून खाली गादी असावी आणि अर्ध्या तासाच्या आत अंग उचलून घेण्याची सवय लावावी. लाल मातीत किंवा जांभ्याच्या फटीत पुढील लहान चाके रुततात. अशा जागी खुर्ची किंचित मागे कलवून मोठ्या चाकांवर न्यावी.

आता उताराविषयी. एक फूट उंचीस बारा फूट लांबी, हे प्रमाण पाळावे. दीड फूट जोते असल्यास उतार अठरा फूट लांब हवा. आखूड उतारावर खुर्ची मागे उलटते. पृष्ठभाग खरखरीत ठेवावा, कारण कोकणच्या पावसात गुळगुळीत फरशीवर शेवाळ धरते. शौचालयाचे दारही रुंद असावे. ते अरुंद असल्यास मुलगी दिवसभर पाणी पीत नाही आणि अखेर शाळाच सोडते.

बंधुभगिनींनो, उद्या शाळेत गेल्यावर जोत्याची उंची व दारांची रुंदी मोजून शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा. मुलाची वाट पाहून मग उतार बांधू म्हटल्यास ते मूल घरीच राहील.